ड्रायव्हर नसलेल्या बसमध्ये दिलीपकाका

काकी, आणि इथे जमलेले सगळे, नमस्कार. मी श्रेया. दिलीपकाकांच्या व्हॅनमध्ये शेवटच्या सीटवर बसायची, ती. मला चार माणसांत बोलता येत नाही. शाळा नववीत सोडली ती त्यामुळेच. पण काकांबद्दल बोलायचंच आहे, म्हणून उभी राहिले.

अनोळखी ड्रायव्हरच्या गाडीत मी बसत नाही. कुठे उतरायचं ते सांगायला तोंडच उघडत नाही माझं. इथे आखातात, बुसैतीन भागातल्या केक-शॉपमध्ये काम लागलं, आणि तेव्हाच डॉक्टरांनी काकांना गाडी बंद करायला सांगितली. मी म्हटलं, खलास. राहिलं काम.

काका म्हणाले, "अगो, ती ट्रायलची बस बुसैतीनलाच जाते. तिच्यात ड्रायव्हरच नाय. तू लाजणार कोणाला?"

रफीकचाचा, तुम्हीही काकांसारखेच ड्रायव्हर, तेव्हा केवढे चिडलात! "दिलीप, ती गाडी आपल्या ड्रायव्हर लोकांच्या पोटावर पाय देणार, आणि तू पोरीला घेऊन तिच्यातच चाललास?"

काका म्हणाले, "तू बोंबलत बस. पोरगी कामाला लागू दे. यल्ला, चल गो!"

काय सांगू तुम्हाला! दार आपोआप उघडलं. पुढे स्टेअरिंग नाही, सीट नाही, नुसती काच! आणि बस निघाली! राउंडअबाउटला स्वतःच थांबली, तीन गाड्या जाऊ दिल्या, मग वळली. मी ओरडले! मी! आणि काका? सारखा उजवा पाय खाली दाबत होते.

"काका, ब्रेक नाहीये तिथे."

"माहीत आहे गो. पाय ऐकत नाय!"

सगळी बस हसली. स्क्रीनवर स्टॉपच्या नावावर बोट ठेवलं की बस तिथे थांबते. काकांनी ते मलाच करायला लावलं. उतरताना स्वतः मात्र रिकाम्या काचेला अरबीत थँक्यू, "शुक्रन" म्हणाले.

खाली उतरून त्यांनी विचारलं, "जाशील ना एकटी?"

मी म्हटलं, "बघू."

फक्त बघू. आणि शुक्रवारी काका गेले. त्यांना हो म्हणायला काय झालं होतं मला?

सोमवारपासून काम आहे. आई म्हणते, पहिले काही दिवस मी सोबत येते. नको आई. मी एकटी जाणार, त्याच बसने. हे सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. काका, हो. जाईन मी.

आता पुढे बोलता येत नाही. जरा उभे राहता का सगळे? गप्प राहणं मला जमतं. काकांसाठी थोडा वेळ माझ्यासोबत गप्प राहा.