सव्वादोन इंची खिडकी

न्हाई, पुंजारामभाऊ, बिलकुल न्हाई! रुखवताचं घर मी आता कुणाच्याच पोरीला करून देत न्हाई… तुम्हीच सांगा हो मंडळी, एका माणसानं किती वेळा न्हाई म्हणायचं? सकाळपासून हा मागं लागून राह्यला, "धर्मराजभाऊ, तुमच्या तुळजाच्या रुखवतात मांडलं होतं ना, डिट्टो तसं घर करा, सगळ्या मांडवात त्याचंच नाव होतं!" असणारच ना! घर कुणी केल्तं? मी! बावीस वर्षं झाली जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या मिलमधी, दिवसभर काम एकच, माप घेणं. बारा एमएमची सळई साडेअकराची निघाली तर नुसती बोटात धरून सांगतो. माप माझं चुकत न्हाई, तुम्हाला सांगतो!

आता ऐका. सत्त्याण्णव साली तुळजाचं लग्न ठरलं, अंकुशनगरला, पोरगा साखर कारखान्यात कामाला, अन् आमच्या हिनं, उषाबाईनं, बाजारातून थर्माकोलचा बंगला आणायचं ठरवलं. तर पोरगी फुरंगटून बसली! "अप्पा, विकतचं नको. तुम्ही करा. मी सांगते तसं करा." बरं बाई, सांग! अन् मंग जी सांगायला लागली… मी म्हणलं, ही रुखवत मांडून राह्यली का मला इंजिनियर समजून राह्यली? "अप्पा, सैपाकाचा ओटा उभ्याचा करा, आईची कंबर गेली चुलीपुढं." केला. कडप्प्याचा तुकडा घासून घासून ओटा केला, शाईच्या बाटलीच्या झाकणाचं बेसिन केलं. "अप्पा, मोरी आतच पाहिजे, अन् तिला पडदा." केली. बियाण्याच्या पेट्यांच्या फळ्या तासून भिंती, तिच्याच झंपराच्या कापडाचे पडदे, टॉर्चचा बल्ब, खाट, खाटेवर गादी, गादीवर उशी, अन् उशीला अभ्रा! अभ्रा हो! माझ्या उशीला न्हाई अजून!

अन् सगळं झाल्यावर म्हणती, "वर एक खोली करा. बंद. एकच दार, एकच खिडकी. ती माझी एकटीची. अन् अप्पा… कडी आतून लावा."

आतून! हातभर घर, त्यात खोली वीतभर, आतून कडी लावणार कोण? बाहुली? मी हसलो हो. म्हणलं, "येडी हायेस का, बोट तरी जातं का आत?" अन् दागिन्याच्या डबीची पितळी कडी काढून दिली बाहेरून ठोकून. ती खिडकीतून बाहुली आत ठेवायला गेली, तर हात अडकला. "अप्पा, खिडकी लहान झाली." मी म्हणलं, "खिडकी सव्वादोन इंच बराबर हाय, तुझाच हात जाड हाय!" अन् खोटं न्हाई, कासाराला विचारा! दोन-सहाच्या बांगड्या भरल्या तिला, म्हंजी सव्वादोनाहून एक सूत, इंचाचा आठवा भाग, मोठ्या, त्यापण साबण लावून, पोरगी ओय-ओय करून राह्यली होती. माप माझं चुकत न्हाई!

फक्त एक गोष्ट विचारू नका… जाऊ द्या, सांगतोच. सोयरीक करायला गेल्तो तव्हा त्यांचं घर बघितलं का? बघितलं. दोन खोल्या. माणसं आठ. टेप माझ्या खिशात. अन् मी काय केलं? पोहे खाल्ले, चहा पिला, पोरगा पर्मनंट हाय का तेवढं इचारलं अन् जल्दी नारळ घेऊन आलो. बाहुलीच्या खाटेचं माप चार वेळा घेणारा माणूस मी, पोरीची खाट कुठं पडंल ते मोजलं न्हाई.

वर्ष झाल्यावर संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो. घर कुठं, तर कपाटाच्या डोक्यावर! विहीणबाई, गोजरबाई, ह्ये मोठं तोंड करून सांगती, "व्याही, लई झ्याक घर केलं बरं का, लेकरं रोज बल्ब लावतेत!" अन् माझी पोरगी? ती झोपती पिठाच्या डब्याच्या अन् भिंतीच्या मधात. ओटा न्हाई, मोरी बाहेर, तिची लग्नातली पेटी नणंदेच्या कपड्यांनी भरलेली. तिचं म्हणून काय ते सगळं त्या वरच्या खोलीत! बाहुली काढून टाकली, अन् आत आईचं पत्र, बारावीचं मार्कलिस्ट घड्या घालून, अन् शेंगदाण्याच्या चिक्कीचा अर्धा तुकडा. अर्धा का? अहो, कडी बाहेरून ना! येणारं-जाणारं उघडतंय, पत्र वाचतंय, चिक्की खातंय…

पोरगी माझ्याकडं न बघताच बोलली, "कडी आतून लावा म्हणलं होतं मी."

पेचकस माझ्या खिशात असतोच. उतरवलं घर, काढली कडी, बसवली आतून, दार लोटलं अन् खिडकीतून तार घालून कडी सरकवली. गोजरबाई म्हणती, "अगं माय! आता उघडायचं कसं?" खिडकीत हात घालून बघितला, जाईना. नणंदेनं घातला, जाईना! मी तर लई खूश! अन् मंग तुळजा उठली, पदराला हात पुसले, बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, अन् हात घातला खिडकीतून. गेला. मनगटापर्यंत, सहज. कडी काढली अन् माझ्याकडं बघून हसली.

आता सव्वादोनाच्या खिडकीत दोन-सहाचा हात जातो कसा? सांगा ना कुणीतरी!

म्हणलं, "चल बाई, चार दिवस माहेरी." गोजरबाई म्हणती, "आता कशी येईल? हंगाम चालू हाय, पोराचा डबा कोण करंल?" बरं… अन् मी काय केलं? परत चहा पिला.

पण निघायच्या आधी टेप काढला बरं का मी! सगळ्यांच्या समोर खिडकी मोजली. जिंदगीत पहिल्यांदा देवाला म्हणलं, देवा, आज माझं माप चुकू दे, खिडकी अडीचची निघू दे…

सव्वादोनच निघाली, पुंजारामभाऊ. माप माझं चुकत न्हाई.