झिजलेल्या ब्रशाची पानं

गडचिरोलीच्या बस स्टँडवर निवृत्त शिक्षिका अंजनाबाई चंद्रपूरच्या गाडीची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर पाट्या रंगवणारा बापूराव बसला होता आणि चित्रकलेच्या परीक्षेला निघालेली त्याची लेक गुलाब.

“बाबा, हा ब्रश पार टकला झाला. पोरी हसतीन मले.”

“नवा नाई जमला, गुलाब. पाण्यात बुडव. आता फरशीवर टेकव अन् उचल.”

“मोहाचं पान दिसून राह्यलं.”

“शिरा पाह्य. नव्या ब्रशानं नाई उमटत. सात वर्षं पाट्या रंगवल्या, तवा कुठी याचे केस असे फाकले.”

“अजून एक काढू?”

“अख्खी फांदी काढ.”

गाडी लागली.

“चाल, गुलाब.”

“बाबा, तिकडून चला. पानं ओली हाये अजून.”

“कोणती पानं?”

“फरशीवरची. पाय नोका ठेवू.”

बापूरावाने वळसा घातला. मागून अंजनाबाईंनीही.