काचेला घसारा नसतो

काकू, आणि सोसायटीच्या या हॉलमध्ये जमलेले तुम्ही सगळे. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले होते. माणसांबद्दल मला बोलता येत नाही. साठेकाकांनाही येत नसे. ते गाडीच्या विम्याबद्दल बोलायचे. मीही तेच बोलते.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. नोएडात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. पहिल्या गाडीचा विमा संपत आला, तेव्हा फोन घेऊन वर गेले. म्हटलं, काका, ही पॉलिसी सगळ्यात स्वस्त आहे.

काकांनी चष्मा लावला. ‘‘स्वस्त आहे, कारण यांनी तुझी गाडीच स्वस्त केलीय. उद्या चोरीला गेली तर एवढेच मिळतील. आधी गाडीची किंमत सगळ्या कंपन्यांकडे सारखी कर. मग हप्ते बघ.’’

मग विचारलं, ‘‘आणि घसारा बघितलास?’’

मी दिल्लीत वाढले. म्हटलं, माझा घसा ठीक आहे, काका.

ते आत वळून म्हणाले, ‘‘अगं ऐकलंस का, हिच्या मराठीचाच घसारा झालाय.’’

मग नीट सांगितलं. वापरून वस्तूची किंमत उतरते, तो घसारा. बंपर प्लास्टिकचा, म्हणून कंपनी त्याचे निम्मेच देणार. टायरचंही तेच. मी विचारलं, आणि काच?

‘‘काचेला घसारा नसतो. फुटेपर्यंत ती पूर्ण असते.’’

या इमारतीत कोणाची पॉलिसी काकांनी बघितली नाही? ‘भाईसाहब, ज़रा देख लो,’ म्हणत आपण सगळे वर गेलो. त्यांनी बघितलं. दर वर्षी बघितलं. चहाही त्यांच्याच घरचा.

गेल्या रविवारी सकाळी ते गेले. हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर लिफ्टमध्ये मला विचारलं जातं, ‘बेटा, अब तुम देखोगी ना?’ कोणी विचारलं ते सांगत नाही. मी थकले आहे. आपण सगळेच थकलो आहोत.

पण एक पॉलिसी मी बघितली. काकांच्या गाडीची. ती याच महिन्यात संपते. अमेरिकेतून त्यांचा मुलगा महेश म्हणाला, गाडी विकून टाकू. तुमच्यातल्याही काहींनी काकूंना तेच सांगितलं. चालवणार कोण? प्रश्न बरोबर होता. फक्त तो काकूंना कोणी विचारला नाही.

काल काकू पॉलिसी घेऊन माझ्या दारात आल्या. ‘‘विकायची नाही असं ठरवलं, तर काय करावं लागेल?’’

मी सांगितलं. आधी गाडी तुमच्या नावावर करायची, मग विमा. काकांनी कधी क्लेम केला नाही, त्याची हप्त्यात सूट मिळते. गाडी पत्नीकडे राहिली तर ती सूटही पत्नीला मिळते.

‘‘म्हणजे त्यांनी इतकी वर्षं कुठे धडकवली नाही, ते मला चालतं?’’

चालतं, काकू. नियमच आहे.

‘‘मग ते वाया कशाला घालवू?’’

मी विचारलं, चालवाल ना? त्या म्हणाल्या, ‘‘यांची बदली पानिपतला होती, तेव्हा गाडी मीच चालवायचे. पानिपतला जाऊन एक ओरखडाही न पडता परत आलेली मराठी बाई आहे मी.’’

महेश, तू फोनवर ऐकतो आहेस. नवी पॉलिसी काकूंच्या नावाने होईल. गाडीची किंमत सगळीकडे सारखी धरून मी हप्ते बघितले आहेत. काकांनी तपासलं असतं, तरी चूक निघाली नसती. कदाचित एखादी निघाली असती.

बाकीच्यांनी आपापल्या पॉलिसी पुढच्या आठवड्यात आणाव्यात. आज नको.

आज सकाळी मी ऑफिसला निघाले, तेव्हा काकू खाली गाडीची पुढची काच पुसत होत्या. आधी बाहेरून पुसली. मग आत काकांच्या जागेवर बसून आतून पुसली.

आता आपण उभे राहू या. थोडा वेळ कोणीच काही बोलू नये.