शनिवारची नखं

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या वाडीचे सरपंच सोमाजीराव, व्यासपीठावर विराजमान असलेल्या अंगणवाडी पर्यवेक्षिका नूतनताई, ज्यांच्या जीपशिवाय आपल्याकडे एकही कार्य पार पडत नाही ते हौशीरामभाऊ, माझे सहकारी शिक्षक, डिंभ्याहून एसटीची वाट बघून शेवटी पायी आलेले पाहुणे, सतरंजीवर आणि सतरंजी संपल्यावर मातीत बसलेल्या माता-भगिनी, बालगोपाळ, आणि छत्तीस वर्षं या वाडीच्या अंगणवाडीत काढून आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती लंकाबाई लोहकरे. मी शीला भालेकर, या शाळेची मुख्याध्यापिका, आपणा सर्वांना नमस्कार करते.

सुरुवातीलाच पाहुण्यांची क्षमा मागायला हवी. स्वागताची फुलं टेबलावर ठेवली होती आणि ती तुम्हाला तुमच्याच हातानं उचलून घ्यावी लागली. ही कुठली रीत, असं मघाशी कुणीतरी म्हणालं, ते मी ऐकलं. त्याला कारण आहे. ते बोलता बोलता येईल. तोवर राग धरू नये.

निरोपाच्या भाषणात चांगलं बोलायचं असतं. मी चांगलंच बोलणार आहे, पण आधी एक कबूल करते. मी लंकाबाईंवर आठ वर्षं जळते आहे. हसू नका. ज्या दिवशी या शाळेत रुजू झाले त्या दिवसापासून.

अंगणवाडी आणि शाळा यांच्यामध्ये एकच भिंत. भिंतीच्या या बाजूला मी, बी.एड. झालेली, फळ्यावर सुवाच्य अक्षर काढणारी. त्या बाजूला दहावी झालेल्या लंकाबाई. अंगणवाडीतलं पोर सहा वर्षांचं झालं की माझ्याकडे पहिलीत येतं. कायद्यानं ते माझं. पण मधली सुट्टी झाली की माझी पोरं भिंतीला वळसा घालून त्यांच्याकडे. करवंदं पिकली की पहिला द्रोण त्यांना. मला वर्षातून एकदा शिक्षकदिनाला फूल मिळतं, आणि तेही आदल्या दिवशी मीच आठवण करते म्हणून. मागे मला तालुक्याचा पुरस्कार मिळाला तेव्हा याच मैदानात सत्कार झाला. खुर्च्या शंभर मांडल्या होत्या आणि माणसं बावीस आली होती, त्यात मंडपवाले चार. आज बघा, उभं राहायला जागा नाही. तुकाबाई तर गुडघे दुखतात म्हणून माझ्या सत्काराला आल्या नव्हत्या. आज वरच्या आळीतून चालत आल्यात. असू द्या, तुकाबाई, बसा.

या जळण्याचं मूळ होतं शनिवार. शनिवारी सकाळची शाळा सुटली की लंकाबाई अंगणवाडीच्या पायरीवर बसतात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यातच नेलकटर. एकेक पोर पुढ्यात येऊन बसतं, हात त्यांच्या मांडीवर ठेवतं आणि त्या नखं काढतात. अंगणवाडीची पोरं, माझ्या शाळेची पोरं, मुलगे, मुली, सगळे. आणि नखं निघत असताना ती पोरं बोलतात. घरातलं, दारातलं, कोण कुणाला काय म्हणालं, कुणाची शेळी व्याली. माझ्या वर्गात ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही ती पोरं तिथं थांबता थांबत नाहीत.

मी काय केलं असेल? मंचरहून दोन नेलकटर आणले. चांगल्या प्रतीचे. शुक्रवारीच मुलांना रांगेत बोलावलं, म्हणजे शनिवारी त्यांच्याकडे जायला नखंच उरायला नकोत. एकेकाची नखं काढत मी विचारलं, "हं, सांग, काय चाललंय घरी?" पोरं ताठ बसून म्हणायची, "झालं का बाई?" एवढंच. तिसऱ्या आठवड्यात मी नेलकटर कपाटात टाकले. एकदा न राहवून लंकाबाईंना विचारलं की तुम्ही नेमकं करता काय? त्या म्हणाल्या, "काय न्हाई ओ बाई. तुमी पोराच्या तोंडाकडं बघता. तोंडाकडं बघितलं का ते गप व्हतं. आपण नखाकडं बघायचं." मला तो टोमणा वाटला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, म्हणून आणखी राग आला.

आता मुख्य गोष्टीकडे येते. नूतनताई, घड्याळ बघू नका, मी थोडक्यात आटपत नसते हे तुम्हाला ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी, कुठलं साल ते सांगणार नाही, मी या शाळेत बालसुरक्षेचा मोठा कार्यक्रम केला. मुलांवर होणारे अत्याचार रोखायचे तर आधी मुलांना 'नाही' म्हणता आलं पाहिजे, हे मी प्रशिक्षणात शिकून आले होते आणि ते मला मनापासून पटलं होतं. महिनाभर तयारी केली. प्रभातफेरी, घोषणा, पथनाट्य. 'नको वाटलं तर नाही म्हणा, विश्वासाच्या माणसाला सांगा' असा पंधरा फुटी फलक. आणि व्यासपीठावर आठ पाहुणे. आठ पाहुण्यांना फुलं द्यायला आठ मुलं, कुणी कुणाला द्यायचं त्याची यादी मी स्वतः केली. आपल्याकडे पाहुण्याचं स्वागत लेकरांच्या हातून करायचं असतं ना? लेकरू नटवायचं, पुढे ढकलायचं, वाकून नमस्कार करायला लावायचा. मीही तेच केलं.

कार्यक्रमाला पाच मिनिटं असताना त्या आठांतलं एक मूल माझ्या खोलीत आलं. मी 'मूल' म्हणते आहे. मुलगा की मुलगी, ते कुणी विचारू नये आणि कुणी अंदाजही बांधू नये. त्या घराला विचारून मी आज बोलते आहे. त्यांनी सांगितलं, "नाव सोडून समदं बोला, बाई." तेव्हा कृपा करून मागे वळून कुणाच्या तोंडाकडे बघू नका. माझ्याकडे बघा.

खोलीत आम्ही दोघंच. ते मूल म्हणालं, "बाई, मला त्यांना नाय द्यायचं फूल."

मी म्हटलं, "तुझं नाव यादीत आहे. पाहुण्यांच्या बाबतीत असं बोलतात का?"

"मला नाय द्यायचं. दुसऱ्या कुणाला पण द्यायला सांगा, चालंल, पण त्यांना नाय," असं काहीसं ते म्हणालं. शब्द पुरते आठवत नाहीत, कारण मी ऐकतच नव्हते. मी माईकचा आवाज लागला की नाही ते ऐकत होते. मी म्हटलं, "ऐनवेळी नाटकं करू नकोस. जा, मागे जाऊन बस. पुन्हा कुठल्या कार्यक्रमात घेणार नाही." आणि फूल दुसऱ्याच्या हातात दिलं.

माझ्याच कार्यक्रमात, माझ्याच फलकावर लिहिल्याप्रमाणे एका मुलानं 'नाही' म्हटलं होतं. विश्वासाच्या माणसाला येऊन सांगितलं होतं. त्या फलकाचा उपयोग त्या दिवशी एकट्या त्या मुलानं केला, आणि त्याला मी रागावले.

ज्या पाहुण्याला ते फूल द्यायचं होतं, तो दर वर्षी शाळेला वह्या देत असे. त्याला मी शाल घातली, नारळ दिला. त्याचं भाषणही झालं, मुलांना जपा म्हणून. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्याचं नाव या मैदानात मी घेणार नाही. तो आज कुठे आहे ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

पुढचा शनिवार आला. ते मूल भिंतीला वळसा घालून गेलं आणि लंकाबाईंच्या मांडीवर हात ठेवून बसलं. काय बोललं, ते त्या दोघांना माहीत. लंकाबाईंनी दहाही नखं काढली. मग मुलाच्या घरी गेल्या.

आणि बुधवारी, शाळा भरली असताना, हौशीरामभाऊंची जीप दारात उभी. लंकाबाईंनी अकरा पोरं जीपमध्ये घातली, त्यातली नऊ माझ्या शाळेची. दोन-तीन आया बरोबर. "रक्ताची तपासणी हाय मंचरला," एवढंच खिडकीतून मला सांगितलं आणि जीप गेली. बिस्किटं वाटत, पोरांची गाणी चालू. मी व्हरांड्यात उभी. माझ्या मनात काय आलं असेल? ही बाई माझी पोरं घेऊन सहलीला निघाली आणि मला विचारलंसुद्धा नाही.

मी त्याच दिवशी त्यांच्या वरच्या ऑफिसला लेखी तक्रार केली. 'शालेय वेळेत, मुख्याध्यापकांची परवानगी न घेता, नऊ विद्यार्थी परस्पर वाहनातून नेले.' दोन पानं, माझ्या सुवाच्य अक्षरात. शब्दाशब्दाला मला बरं वाटत होतं. लंकाबाईंना नोटीस आली. वीस-बावीस दिवसांनी त्यांच्या उत्तराची प्रत माझ्याकडे आली. एकच ओळ: 'माझी चूक झाली, परत होणार नाही.' खाली सही. मी ती ओळ दोनदा वाचली, चहा मागवला आणि कागद फायलीला लावला.

अकरा पोरं का नेली, ते त्यांना लिहिता आलं असतं. लिहिलं असतं तर कागद चार टेबलांवरून फिरला असता, आणि अकरांतलं कुठलं, हे आठवड्याच्या आत वाडीला कळलं असतं. एकच मूल आणि त्याची आई जीपमध्ये बसली असती तरी कळलं असतं. म्हणून अकरा. मंचरच्या दवाखान्यात दहा पोरांचं खरोखर रक्त तपासलं, चौघांना रक्तवाढीच्या गोळ्या द्याव्या लागल्या. आणि एक मूल आईबरोबर आतल्या खोलीत साध्या साडीतल्या पोलीसबाईंशी बोललं. हौशीरामभाऊ बाहेर बाकी पोरांना घेऊन बसले होते. भाऊ, तुम्हाला माहीत होतं?

मान हलवतायत. म्हणतायत, "मला काय सांगितलं न्हाई, मी काय इचारलं न्हाई."

तो माणूस पकडला गेला तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. मला दोन बसले, कारण त्या मुलाच्या आईनं मला सगळं सांगितलं. पण खरं सांगते, आणि हे सांगायला मला लाज वाटते. पहिला विचार 'बिचारं लेकरू' असा आला नाही. पहिला विचार आला, लंकाबाईंनाच का सांगितलं? मला का नाही? आणि मग त्या खोलीतली पाच मिनिटं आठवली. मला आधी सांगितलं होतं.

त्यानंतर मला तो पुरस्कार मिळाला. बालसुरक्षेच्या कार्याबद्दल. अर्जाला त्याच कार्यक्रमाचा अल्बम जोडला होता, त्या माणसाला शाल घालतानाचा एक फोटो काढून टाकून. लंकाबाई सत्काराला आल्या होत्या. त्या बावीस माणसांत पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या, आणि त्या टाळ्या मला सोसवत नव्हत्या. बसा म्हणून खुणा करू नका, लंकाबाई. मला बसवायचं तर अध्यक्षांना उठावं लागेल.

तेव्हापासून या शाळेत पाहुण्यांना मुलांच्या हातून फुलं देणं मी बंद केलं आहे. ज्या मुलाला द्यावंसं वाटेल ते देईल. आज कुणाला वाटलं नाही, म्हणून फुलं टेबलावर होती. मात्र लंकाबाईंच्या मांडीवर मघापासून किती फुलं साचलीत ती मी बघते आहे. यादी कुणीच केली नव्हती. माझी जळजळ अजून गेलेली नाही, हे मला आत्ताच कळलं.

नूतनताई, हा कागद घ्या. माझी तक्रार मी आज लेखी मागे घेते आहे, उशीर झाला हे माहीत असून. लंकाबाईंच्या सेवापुस्तकात ती नोटीस लागली असेल तर हे तिच्यावर लावा. 'माझी चूक झाली' ही ओळ त्यांच्या सहीनं फायलीत आहे. ती मी लिहायला हवी होती. या कागदावर ती लिहिली आहे आणि खाली माझी सही आहे.

लंकाबाईंच्या जागी आता रोहिणीताई येतायत. रोहिणीताई, शनिवार तुमचा. पण एक विनंती. शुक्रवारी मी पायरीवर बसणार आहे, कपाटातला नेलकटर घेऊन. पोरं येतील न येतील. मी नखाकडे बघेन. कुणी बोललं तर माईक बंद करून ऐकेन.

लंकाबाई, तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य लाभो. अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला, पाहुण्यांनी स्वतःची फुलं स्वतः उचलली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे.

बोलण्याच्या भरात काही उणं-अधिक झालं असेल तर माफ करा, असं म्हणून खाली बसायची पद्धत आहे. मोठ्या माणसांकडे मी ती माफी मागतेच. पण त्या दिवशी ज्या मुलाला मी मागे जाऊन बस म्हटलं, ते इथे कुठे बसलं असेल तर त्याला एवढंच सांगते. तू नाटक करत नव्हतंस. तू नाही म्हणालं होतंस, आणि तू बरोबर होतंस. माझं चुकलं.