पिवळ्या रिबिनी

हैतीतल्या जेरेमी गावाची छपरं वादळाने उडवून नेली, त्याला महिना होत आला होता. मदतीच्या ताडपत्रीसाठी कोळसेवाला द्येफोर रांगेत उभा होता. पुढे दोघी शेजारणी बोलत होत्या. एकीच्या हाताला शाळेच्या गणवेशातली, वेण्यांना पिवळ्या रिबिनी बांधलेली मुलगी होती.

"इलोमेन, पोरीच्या त्या रिबिनी काढ आधी."

"का म्हणून? इथून शाळेत जायचंय तिला."

"काल त्यांच्यापायीच परत पाठवलं ना तुला? म्हणे, हिचं बरं चाललेलं दिसतंय."

"दिसणारच. निखाऱ्याची इस्त्री फिरवलीय गणवेशावर."

"अन् घरावर छप्पर नाही."

"इस्त्रीला छप्पर लागत नाही, क्लेर्सीन."

"माझं ऐक, त्यासाठीच तुझ्यासोबत आलेय. मी पोराला अनवाणी आणलं, गालाला चिखल फासला. फोटो निघाला, ताडपत्री मिळाली."

"शाळेत धाडशील त्याला तसं?"

"काहीतरीच काय. शाळेत कोण धाडतं तसं?"

"का?"

"अगं, बाई दारातूनच हाकलतील. लोक तोंडात शेण घालतील."

"मग इथे कोण बसलेत, लोक नाहीत?"

रांग सरकली. टेबलामागच्या, मदत वाटणाऱ्या बाईंनी मुलीकडे पाहिलं आणि कॅमेरा उचलला.

"फोटोपुरत्या रिबिनी काढता का जरा?"

इलोमेनने वाकून एक रिबीन सोडली. क्लेर्सीनने सुटकेचा निःश्वास टाकला. इलोमेनने रिबीन दातात धरून ताणली, मुलीची वेणी घट्ट आवळली आणि पहिल्यापेक्षा मोठं फूल बांधलं.

"सैल झाली होती. हं, आता काढा फोटो."