बसल्या जागी चढणारं घड्याळ

वहिनी : माझ्या नवऱ्याला आभाळातल्या विजेनं नाही मारलं, या ऑफिसनं मारलंय. आणि वर तोंड करून म्हणताय, घड्याळ परत करा!

स्टोअरकीपर : हळू बोला, वहिनी. साहेब आत आहेत.

वहिनी : म्हणूनच मोठ्यानं बोलतेय.

स्टोअरकीपर : ठेवा इथं काउंटरवर. पट्टा, काच, बटणं, सगळं तपासून घ्यावं लागतं मला.

वहिनी : तपासा ना. ओरखडा सापडला तर मलाही दाखवा. टॉवरवरून त्याच्यासोबत खाली आलंय ते. त्याचं मनगट ओळखू येत नव्हतं, भाऊजी. आणि ह्याची काचसुद्धा तडकली नाही.

स्टोअरकीपर : आहेच मजबूत. पाण्यात चालतं, चिखलात चालतं, उन्हावर आपलं आपण चार्ज होतं. दिशा दाखवतं. अंधारात उजेड...

वहिनी : आणि वादळाचा इशारा देतं.

स्टोअरकीपर : हो. देतं.

वहिनी : चौकशीत तेच लिहिलंत ना? ‘इशारा देणारं घड्याळ हातात असूनही कामगार खाली उतरला नाही.’ निष्काळजी म्हणे! जिन्यावरून परत येऊन गॅस बंद केलाय का बघणारा माणूस तो. त्याच्या काळजीनं माझा जीव जायचा.

स्टोअरकीपर : मी नाही हो लिहिलं ते.

वहिनी : तुम्ही कधी काय करता? तुम्ही देता आणि परत घेता. नवरा गेला, तर त्याच्या जागी माझ्या दिराला घेतलंत. आता या घटकेला तो त्याच टॉवरवर आहे, असलंच घड्याळ बांधून. त्याच्या घड्याळाचं लॉक काढा. मग हे न्या.

स्टोअरकीपर : लॉक मला नाही काढता येत, वहिनी.

वहिनी : लावता येतं?

स्टोअरकीपर : लावायचा हुकूम आहे.

वहिनी : शेवटचा फोन मला केला होता त्यानं. हसत होता. म्हणाला, ‘अगं, गंमत बघ. मी टॉवरवर फळीवर बसून डबा खातोय आणि घड्याळ म्हणतंय, मी चढतोय. असाच बसून राहिलो तर संध्याकाळपर्यंत स्वर्गात!’ मी म्हटलं, जायच्या आधी डबा तेवढा धुऊन ठेव.

स्टोअरकीपर : वहिनी...

वहिनी : डबा नाही आला परत. घड्याळ आलं. कपाटावर ठेवून दिलं होतं. एक दिवस आभाळ भरून आलं आणि हे चढायला लागलं. कपाट तिथंच, घर तिथंच, आकडा आपला वर वर. कशानं हो, भाऊजी?

स्टोअरकीपर : तुम्हाला कळलंय ते.

वहिनी : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

स्टोअरकीपर : त्याला हवेचा दाब कळतो. तेवढाच कळतो. माणूस डोंगर चढला की दाब कमी होतो, वादळ यायचं असलं तरी कमी होतो. दोन्हींतलं कुठलं, ते आपण त्याला सांगायचं. हवामानावर ठेवलं तर शिट्टी मारतं. उंचीवर ठेवलं तर... चढलो म्हणतं.

वहिनी : आणि तुम्ही उंचीवर ठेवून कुलूप घातलंत.

स्टोअरकीपर : माणसं पायथ्याला बसून वर पोचलो म्हणायची. आता घड्याळातली उंची इथं स्क्रीनवर येते. उंची आली तरच हजेरी. शिवाय शिट्टी वाजली की सगळे खाली पळायचे, काम पडून राहायचं. मग साहेब म्हणाले—

साहेब : काय म्हणाले साहेब? कसली आरडाओरड चाललीय? अच्छा, बाई, तुम्ही. बसा. तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत.

वहिनी : कुठून सहभागी? या खुर्चीतून?

साहेब : हे बघा, चौकशी पूर्ण झालेली आहे. त्यात आता बदल होत नाही.

वहिनी : खड्ड्यात गेली तुमची चौकशी. मेलेल्याला काय म्हणायचं ते म्हणा. जिवंत आहे त्याच्याबद्दल बोला. माझ्या दिराला त्या घड्याळाची शिट्टी ऐकू येऊ द्या.

साहेब : उंचीची सक्ती एकासाठी सोडली की उद्या सगळे मागतील.

वहिनी : मागू द्या की! सगळ्यांनाच जीव आहे.

साहेब : वरिष्ठांकडे प्रस्ताव पाठवतो. प्रक्रिया असते, बाई.

वहिनी : तो गेल्यावर मात्र प्रक्रिया लागली नाही. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांचे फोन काढून घेतलेत. वर बसून घरी काही सांगायला नको कुणी.

स्टोअरकीपर : साहेब, जरा इकडे बघता? हे घड्याळ.

साहेब : काय झालं? बंद आहे?

स्टोअरकीपर : चढतंय. मघाशी ठेवलं तेव्हापासून. काउंटरवरच आहे.

साहेब : पडलेलं घड्याळ ते. बिघडलं असेल.

स्टोअरकीपर : कपाटातली नवीही चढतायत, साहेब. एकदाही न वापरलेली.

साहेब : बाहेर ऊन पडलंय लख्ख.

वहिनी : त्या दिवशीही पडलं होतं. उन्हात बसून डबा खात होता तो. भाऊजी, वॉकीटॉकी घ्या. त्याला म्हणावं, हातातलं टाक आणि खाली ये.

साहेब : थांबा. मला विचारल्याशिवाय कुणालाही उतरवायचं नाही. मागे शिट्टी ऐकून सगळे उतरले, तेव्हा निम्मा दिवस वाया गेला होता.

(स्टोअरकीपर वॉकीटॉकी उचलतो, साहेबांकडे बघतो, परत ठेवतो.)

वहिनी : ठेवलात? भाऊजी, ठेवलात तुम्ही?

स्टोअरकीपर : माझ्याही घरी पोरं आहेत, वहिनी.

साहेब : स्क्रीन बघा आधी. पोरगा वर पोचलाय का तेवढं सांगा.

स्टोअरकीपर : पोचलाय. आता... आता टॉवरच्या टोकाच्याही वर दाखवतंय.

साहेब : मग झालं तर. लावा हजेरी.

वहिनी : साहेब, टॉवर टोकाशी संपतो. त्याच्या वर नुसती हवा आहे. मग माझा दीर आत्ता कशावर उभा आहे? ...खाली काय बघताय? मी तुम्हाला विचारतेय.