रोजचं गिऱ्हाईक

नाही हो, ते निळं नका घेऊ – ठेवा, ठेवा ते जागेवर – अनुभवाचं सांगते, कपडे धुवायला ही 'शुभ्रा' पावडर न्या. अगदी खालच्या फळीवर आहे, वाकावं लागतं, थांबा, मी देते काढून. अहो, त्या निळ्या 'लहर'पायी माझे हात बघा काय झालेत! थोडेच दिवस वापरली, तर बोटांच्या बेचक्यांतली सगळी कातडी सोलून निघाली. मग शुभ्रा आणली आणि – काय? तुमचेही? दाखवा बघू. अगं बाई. अगदी इथेच, बेचक्यात. आणि लहर तुम्ही वापरलीच नाही कधी? शुभ्राच? पहिल्यापासून शुभ्राच?

हं.

नाही, काही नाही. जरा टेकते इथे, ह्या तांदळाच्या पोत्यांवर. तुम्हीही बसा ना इकडे, त्या टोपीवाल्या मुलीला ऐकू जायला नको – ती लहरवाल्यांची आहे, पगारी, उघड उभी असते. मी तशी नसते. मी गिऱ्हाईक असते. ही टोपली भरलेली दिसतेय ना – चहा, पोहे, साबुदाणा – जाताना सगळं परत मांडून ठेवते जिथल्या तिथे. आमचे हे शुभ्राच्या कंपनीत आहेत, विक्रीला, लग्नाच्या आधीपासून. झालं, सांगून बसले बघा. आता सांगितलंच आहे तर – वाईट नाहीत हो ते. पूर्वी स्कूटरवरून नारायण पेठ, बुधवार पेठ, मंडईच्या मागची सगळी दुकानं हिंडायचे, दुकानदार उठून चहा मागवायचे, शुभ्राची पाकिटं अशी पुढ्यात मांडलेली. आता ही मोठी दुकानं आली. इथे नजरेच्या उंचीवरची फळी विकत घ्यावी लागते, माहीत आहे तुम्हाला? खरंच. ज्याचा पैसा जास्त त्याची फळी. लहरवाल्यांनी ती घेतली, वर बादली फुकट – आम्ही गेलो फरशीला टेकून. आणि मुलाच्या वयाचा मॅनेजर ह्यांना बाहेर स्टुलावर बसवून ठेवतो. तर एक दिवस म्हणाले, "सुनीती, एक दुपार जाशील का? नुसतं उभं राहायचं. बायका जाहिरातीचं ऐकत नाहीत, बाईचं ऐकतात." एक दुपार! त्या एका दुपारची नोकरी झाली – बिनपगारी. आज इथे, उद्या औंधला, परवा कॅम्पात.

हात? हात शुभ्रानंच गेलेत, तुमच्यासारखेच. घरी दुसरं काही चालतच नाही ना. डॉक्टर म्हणाले, पावडर बदला. बदला म्हणे! मग मी चोरून लहर आणली, शुभ्राच्या डब्यात ओतली – आणि बरे व्हायला लागले हो हात, कणीक मळताना झोंबेना. तर एका सकाळी ह्यांनी धुतलेला सदरा नाकाशी धरला. डोळे मिटून पावडर ओळखतात ते. मला वाटलं, आता आरडाओरडा. मी तयार होते, काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं – इतक्या वर्षांचं – पण हे हसले. माझे हात हातात घेतले, कित्येक दिवसांनी घेतले असतील, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "अगं, हे उत्तम आहे. हेच सांगायचं. लहर वापरली आणि हात गेले." त्या दिवसापासून घरात पुन्हा शुभ्रा. हात बरे झाले तर दाखवणार काय?

नाही म्हणून सांगायचं? सांगितलं की. तर ताट बाजूला सारून म्हणाले, "मग मला नांदेडला पाठवतील, ह्या वयात." रागावून नाही हो – घाबरून. रागावले असते तर मी भांडले असते. घाबरलेल्या माणसाशी कसं भांडायचं, तुम्हीच सांगा. सासूबाई म्हणतात, फुकटात एसीत फिरायला मिळतं, नशीबवान आहेस. आणि मुलगा – तो बंगलोरला, तो म्हणतो, आई, तुझा वेळ तरी जातो. वेळ जातो! जातोच आहे.

चहा? नको, तुम्ही चांगल्या आहात, पण नको. ह्या दुकानाबाहेर मला तुमच्याशी काय बोलता येईल? आणि – तिकडे बघू नका. बघू नका म्हणते ना. दाराशी, सदरा आणि चष्मा. आलेत. अधूनमधून येतात, मी कशी बोलते ते ऐकायला. उभ्या राहा जरा, मीही उठते. तुम्ही लहर घ्या. घ्याच, हात बरे होतील – आत्ता नव्हे हो! आत्ता शुभ्राच घ्या, माझ्या हातून घ्या, आणि बिलाच्या आधी द्या ठेवून कुठेही, बिस्किटांत. पुन्हा कुठे भेटलात तर ओळख दाखवू नका. मी हेच सगळं पहिल्यापासून सांगेन, तुम्ही ऐकून घ्या. आता मान डोलवा. पटल्यासारखी. हं – अश्शी.

जा आता.